मराठी मीडियमवाल्यांनी वर्डल कसं खेळायचं, अगदी पहिल्या दिवसापासून

सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. डी-ओ-जी डॉग, डॉग म्हणजे कुत्रा. हे ज्यांनी पाचवीच्या वर्गात सगळ्यांबरोबर एका सुरात मोठमोठ्याने म्हटलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, त्याआधीच्या आपल्या सगळ्यांची एबीसीडी पाचवीला सुरू झाली, आणि म्हणून आजही इंग्रजी शब्दांचा खेळ म्हटलं की आपण आधीच मागे सरतो, ते काय आपल्याला जमणार, ते कॉन्व्हेंटवाल्यांचं काम. मला हे अजिबात पटत नाही. या खेळांत फाडफाड बोलावं लागत नाही, ग्रामर लागत नाही, उच्चार तर कोणी ऐकतच नाही. लागतं काय, तर शब्दाचं स्पेलिंग डोक्यात एकेक अक्षर सुटं करून ठेवलेलं असणं, आणि आपण ते घोकून घोकून तसंच तर शिकलोय!

गेल्या दिवाळीत मी माझ्या मावशीला वर्डल हा इंटरनेटवरचा इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ शिकवला. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य घालवून रिटायर झालेली, रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवते आणि तेही पेन्सिलीने नाही, पेनने. तिलाही आधी वाटलं हे आपलं नाही. आता रोज सकाळी सातच्या आत तिचे हिरवे-पिवळे चौकोन माझ्या व्हॉट्सअपवर येऊन पडलेले असतात. तिला शिकवताना ज्या ज्या ठिकाणी ती अडली त्याच क्रमाने खाली सांगतेय.

आधी बसायची तयारी

मोबाईलवर खेळता येतं पण सुरुवात कम्प्युटरवर किंवा लॅपटॉपवर करा. एक तर अक्षरं मोठी दिसतात, दुसरं म्हणजे मोबाईलवर मधेच मेसेज टपकतो आणि हातात आलेला शब्द निसटतो. ब्राउझर उघडा, अक्षर बारीक वाटलं तर कंट्रोलचं बटण दाबून धरून प्लसचं बटण दाबा, पान मोठं होतं, हवं तेवढं करा. चाळिशीचा चष्मा जवळ ठेवा. आणि शेजारी एक वही आणि पेन. ही वही शोभेची नाही, तिचं काम पुढे येईल.

सर्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्स वर्डल असं टाका आणि न्यूयॉर्क टाइम्स या अमेरिकन पेपरच्याच साइटवर जा. हे मुद्दाम सांगतेय कारण याच नावासारखी नावं घेतलेली ढीगभर अ‍ॅप्स फिरत असतात, माझ्या एका नातेवाइकांनी असंच एक भलतंच अ‍ॅप घेतलं, तीन दिवस फुकट म्हणून कार्डाचा नंबर टाकला आणि मग दर आठवड्याला पैसे कापले जायला लागले, ते बंद करताना नाकी नऊ आले. वर्डल खेळायला कार्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही, लॉगिन न करतासुद्धा खेळता येतं. कोणी मागितलं तर तिथून उठा.

खेळ काय आहे

पाच अक्षरी एक इंग्रजी शब्द लपवलेला असतो, तो सहा प्रयत्नांत ओळखायचा. रोज एकच शब्द, सगळ्या जगाला तोच, रात्री बारानंतर नवा. तुम्ही पाच अक्षरांचा कुठलाही खरा शब्द टाइप करून एंटर मारायचा. मग चौकोन रंगतात. हिरवा म्हणजे अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर. पिवळा म्हणजे अक्षर शब्दात आहे पण या जागी नाही. राखाडी म्हणजे हे अक्षर नाहीच. बस, एवढाच नियम. ज्यांना हिरवा-पिवळा वेगळा ओळखू येत नाही त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन हाय कॉन्ट्रास्ट मोड चालू करायचा, मग केशरी आणि निळा दिसतो.

हा खेळ कुठल्या मोठ्या कंपनीने बनवलेला नाही हे मला फार आवडतं. जॉश वार्डल नावाच्या न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरने आपल्या जोडीदारासाठी, पलक शहासाठी, तो बनवला कारण तिला शब्दखेळांची आवड होती. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या आसपास आहेत, त्यातले कित्येक कोणी कधी ऐकलेलेही नसतात, तर पलकने एकेक शब्द बघून माहितीतला कुठला आणि अनोळखी कुठला हे निवडलं आणि उत्तरांची यादी अडीच हजारांच्या आसपास आणली. म्हणजे आपल्याला रोज जे ओळखायचं असतं ते माणसाने माणसासाठी निवडलेलं आहे, डिक्शनरीच्या कोपऱ्यातलं काहीतरी उचलून तोंडावर मारलेलं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याने ते सगळ्यांसाठी खुलं केलं, १ नोव्हेंबरला खेळणारे ९० लोक होते, दोन महिन्यांत तीन लाखांच्या वर गेले आणि जानेवारी २०२२ संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सने खेळ विकत घेतला. नाव त्याच्या आडनावावरनंच केलंय, वार्डलचं वर्डल.

पहिला शब्द कुठला टाकायचा

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. इंग्रजीत ई, ए, आर, ओ, टी, एल, आय, एस, एन ही अक्षरं सारखी सारखी येतात, तर पहिल्या शब्दात यातली जितकी बसतील तितकी बसवा आणि एकही अक्षर दोनदा घेऊ नका. क्रेन, स्लेट, रेझ हे तिन्ही चांगले, सी-आर-ए-एन-ई, एस-एल-ए-टी-ई, आर-ए-आय-एस-ई. पुष्कळ लोक अ‍ॅड्यू टाकतात, ए-डी-आय-ई-यू, चार स्वर एकदम कळतात म्हणून. मला तो तितकासा आवडत नाही, कारण स्वर कळले तरी शब्दाचा सांगाडा व्यंजनांनीच उभा राहतो. मराठीत नुसते आ, ई, ऊ सांगून कोणाला शब्द ओळखता येईल का, पण क, र, म, ण सांगितलं की डोकं लगेच करमणुकीकडे धावतं, तसंच आहे हे.

एक शब्द ठरवा आणि महिनाभर तोच पहिला ठेवा. रोज बदललात तर त्यातून पुढे काय काय निघतं याची सवय हाताला लागत नाही.

एक पूर्ण डाव, जवळून

मावशीचा एक डाव सांगते, यात जवळजवळ सगळं येऊन जातं.

पहिला शब्द क्रेन. सी राखाडी, आर पिवळा, ए पिवळा, एन राखाडी, ई पिवळा. तीन पिवळे म्हणजे मुद्देमाल हातात आहे, फक्त जागा चुकल्यात. इथे नवीन माणूस घाई करतो आणि आर, ए, ई कुठेही कोंबतो. तसं करू नका, वहीत पाच रेघा मारा. आर दुसऱ्या जागी नाही, ए तिसऱ्या नाही, ई पाचव्या नाही. मग आर शेवटी गेला तर? इंग्रजीत ई-आर ने संपणारे शब्द रग्गड, टीचर, फार्मर, पेंटर, तर ई चौथ्या जागी आणि आर पाचव्या बसवून बघायचे, आणि ए दुसऱ्या जागी. मावशीने लेटर टाकला, चिठ्ठीवालं लेटर नाही, नंतर या अर्थाचं, एल-ए-टी-ई-आर. एल राखाडी, टी राखाडी, ए, ई, आर तिन्ही हिरवे!

आता पहिली आणि तिसरी अशा दोनच जागा उरल्या आणि अजून चार प्रयत्न शिल्लक, म्हणजे जिंकल्यातच जमा असं वाटतं. आणि इथेच सगळ्यात जास्त लोक हरतात. बघा ना काय काय बसतं यात, बेकर, मेकर, सेफर, वेफर, गेमर, वेजर, पेजर, पेयर, पेपर, ईगर. दहा तर मी सहज लिहिले. एकेक करून टाकत बसलात तर चार प्रयत्न चुटकीसरशी संपतात.

मी मावशीला म्हटलं, आता उत्तर शोधू नकोस, आता गाळणी लाव. म्हणजे असा शब्द टाक जो उत्तर नसणार हे तुला पक्कं माहितीये, पण या दहांच्या वेगवेगळ्या अक्षरांतली जास्तीत जास्त त्यात आहेत. तिने थोडा वेळ घेतला, खिडकीबाहेर बघत बसली, आणि स्किंप काढला, एस-के-आय-एम-पी, काटकसर करणे. मला स्वतःला तो सुचला नव्हता! एस राखाडी म्हणजे सेफर गेला, के राखाडी म्हणजे बेकर आणि मेकर गेले, एम राखाडी म्हणजे गेमर गेला, पी पिवळा. पी आहे म्हटल्यावर वेफर, वेजर, ईगर आपोआप बाद. एका फटक्यात दहाचे तीन उरले, पेजर, पेयर आणि पेपर.

मावशी पेजर टाकायला निघाली. मी विचारलं पेपर का नाही, तर म्हणाली, "अगं पण पी दोनदा कसा चालेल, एकच तर पिवळा झालाय." हा गैरसमज जवळजवळ प्रत्येकाचा असतो म्हणून नीट सांगते. तुम्ही पी एकदाच टाकला तर एकच चौकोन रंगणार, उत्तरात पी किती आहेत ते तो सांगत नाही. अक्षर दोनदा असू शकतं. उलट तुम्ही एखादं अक्षर दोनदा टाकलंत आणि उत्तरात ते एकदाच असेल तर एक चौकोन रंगतो आणि दुसरा राखाडी राहतो. हे कळल्यावर तिने पेपर टाकला आणि पाचही हिरवे, चौथ्या प्रयत्नात.

गाळणीवाली ही युक्ती हार्ड मोडमध्ये चालत नाही, कारण तिथे मिळालेली अक्षरं पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागतात. म्हणून नवीन माणसाने हार्ड मोडच्या वाटेला निदान दोन-तीन महिने जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून दोन बारीक गोष्टी. स्पेलिंग अमेरिकन असतं, आपण शाळेत ओ-यू-आर शिकलो ते तिथे नुसतं ओ-आर असतं, ह्युमर आणि फेव्हर हे दोन्ही यू न घेता २०२२ मध्ये उत्तर म्हणून येऊन गेलेत आणि इंग्लंडातले लोक तेव्हा चांगलेच वैतागले होते. आणि नुसता एस लावून केलेलं अनेकवचन सहसा उत्तर नसतं, तेव्हा चार अक्षरी शब्दाला एस चिकटवायचा मोह टाळा.

वही कशासाठी

खेळ संपला की खिडकी बंद करून उठू नका. उत्तराचा शब्द नवीन असेल तर वहीत लिहा, स्पेलिंग, आणि पुढे मराठी अर्थ, पण डिक्शनरीतला जडजंबाल अर्थ नाही, आपल्या बोलण्यातला. मावशीच्या वहीत नोल या शब्दापुढे टेकाड लिहिलंय, के-एन-ओ-एल-एल, सुरुवातीचा के मुका. टॅसिट पुढे लिहिलंय न बोलता समजलेलं. टेकाड लिहिल्यावर तो शब्द तिच्या गावच्या टेकाडाला जाऊन चिकटला, आता तो विसरणं अवघड आहे.

आणि हरलेल्या दिवशी वही जास्त कामाची. कुठे अडलो ते एका ओळीत लिहायचं, जसं की डबल अक्षर लक्षात आलं नाही, किंवा शेवटी वाय असू शकतो हे सुचलं नाही. महिनाभराने पानं उलटली की आपलं आपल्यालाच दिसतं की आपण त्याच दोन-तीन खड्ड्यांत पडतोय.

सलग किती दिवस जिंकलो याचा आकडा खेळात दिसतो, तो तुटला की काही लोकांना फार लागतं, मावशीचा ४३ वर तुटला तेव्हा ती दिवसभर गप्प होती. त्या आकड्यासाठी कोणाला उत्तर विचारू नका आणि आधी कुठे बघून येऊ नका. सुचत नसेल तर खेळ तसाच उघडा ठेवून भाजी चिरायला जा, कपडे वाळत घाला, तो कुठे पळून जात नाही, दिवस संपेपर्यंत आपलाच असतो. शब्द ओळखीचा असणं वेगळं आणि तो आपणहून ओठांवर येणं वेगळं, आणि या खेळात व्यायाम होतो तो या दुसऱ्याचाच. काहीच सुचत नाही अशी ती जी दहा मिनिटं असतात ना, तीच मेहनतीची, हिंट घेतली की ती वाया गेली.

मेंदूला फायदा होतो का

याबद्दल जे माहितीये तेवढंच सांगते. २०२२ मध्ये अमेरिकेत कोलंबिया आणि ड्यूक या विद्यापीठांच्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला, डॉ. देवानंद आणि डॉ. मुरली दोराईस्वामी ही त्यातली आपल्याकडची नावं. विसरण्याचा त्रास नुकता सुरू झालेल्या १०७ लोकांना त्यांनी दोन गटांत वाटलं, एका गटाला कम्प्युटरवर शब्दकोडी दिली, दुसऱ्याला मेंदूच्या व्यायामाचे म्हणून बनवलेले खास कम्प्युटर गेम, आणि ७८ आठवडे लक्ष ठेवलं. शब्दकोडीवाले पुढे राहिले. पण लक्षात घ्या, काहीच न खेळणारा असा तिसरा गट त्यात नव्हता आणि माणसं मोजकीच होती, तेव्हा शब्दकोडं सोडवलं की विसरभोळेपणा बरा होतो असा अर्थ यातून काढू नका. घरात कोणी सारखं विसरायला लागलं असेल तर आधी डॉक्टरकडे न्या.

आणि मेंदू तल्लख करतो म्हणून पैसे मागणाऱ्या अ‍ॅपपासून चार हात लांब राहा. लुमॉसिटी नावाच्या प्रसिद्ध मेंदू-व्यायाम खेळाच्या कंपनीला अशाच जाहिरातींवरून अमेरिकेतल्या सरकारी व्यापार आयोगाने धरलं होतं आणि जानेवारी २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटलं. आपण खेळायचं ते मजा येते म्हणून, आणि शब्द वाढतात म्हणून. हे दोन तर नक्की मिळतात.

महिन्याभरानंतर स्पेलिंग बी

वर्डल हाताशी बसला की त्याच साइटवर स्पेलिंग बी आहे ते बघा, पूर्ण खेळायला पैसे भरावे लागतात पण थोडंसं फुकट खेळता येतं आणि कागदावर तर कोणीही खेळू शकतं. मधमाशीच्या पोळ्यासारखी सात अक्षरं असतात, एक मधे आणि सहा भोवती. निदान चार अक्षरांचे शब्द करायचे, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात हवंच, एकच अक्षर कितीदाही वापरा. चार अक्षरी शब्दाला एक गुण, पुढे जितकी अक्षरं तितके गुण आणि सातही अक्षरं ज्यात आली त्याला पॅनग्राम म्हणतात, त्याला वर सात गुण जास्तीचे.

समजा मधे टी आहे आणि भोवती पी, ए, आय, एन, ई, डी. डाएट केला, एक गुण. पेंट केला, पाच गुण. अटेंड, टी दोनदा घेऊन, सहा गुण. आता पेंटला ई-डी लावा, पेंटेड, सातही अक्षरं आली, सात अधिक सात असे चौदा! ई आणि डी दोन्ही दिसले की आधी प्रत्येक क्रियापदाला ई-डी लावून बघायचं, आय-एन-जी दिसले तर ते लावून बघायचं. आपल्याला शाळेत गो-वेंट-गॉन घोकून घेतलेलं इथे कामाला येतं. अडलात की अक्षरांची जागा बदलायचं बटण असतं, ते दाबा, तीच अक्षरं वेगळ्या जागी दिसली की डोळ्याला नवीन शब्द दिसतो. एकूण गुणांच्या ७० टक्के झाले की जीनियस म्हणतो आणि सगळेच्या सगळे शब्द सापडले तर क्वीन बी. क्वीन बीच्या नादी लागू नका, त्यात असे असे शब्द असतात की जन्मात परत भेटत नाहीत.

स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द करायचा खेळ, त्याबद्दल थोडक्यात, कारण त्याला समोर माणूस लागतो आणि वेळही लागतो. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टने पेपरातली अक्षरं मोजून मोजून कुठलं अक्षर किती घ्यायचं ते ठरवलं, म्हणून १०० सोंगट्यांत १२ नुसत्या ई आहेत आणि क्यू, झेडला १० गुण आहेत. आणि इंटरनेटवर तो घराघरांत पोचवण्यात आपल्या कोलकात्याच्या दोन भावांचा, रजत आणि जयंत अगरवाला यांचा मोठा वाटा आहे, त्यांचा स्क्रॅब्युलस २००७ मध्ये फेसबुकवर लाखो लोक खेळत होते, पुढे मूळ मालक कंपनीने कोर्टात खेचलं तेव्हा नाव बदलून लेक्सुलस झालं. कम्प्युटरविरुद्ध खेळायचं असेल तर लेव्हल सगळ्यात खालची ठेवा.

आता मराठीत

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. वर्डलच्या धर्तीवर मराठीतही खेळ निघालेत, सर्चमध्ये मराठी वर्डल टाकलं की सापडतात, पण खेळायच्या आधी नियम नीट वाचा कारण मराठीत अक्षर म्हणजे काय हाच मोठा प्रश्न आहे. क्षत्रिय हा शब्द आपल्या डोळ्याला तीन अक्षरी, क्ष, त्रि, य. कम्प्युटरच्या पोटात मात्र तो क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य असा आठ तुकड्यांचा असतो (हलन्त म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण). मग खेळ करणाऱ्याला ठरवावं लागतं की क च्या जागी कू आला तर तो बरोबर धरायचा, अर्धा बरोबर की चूक. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने ठरवलेलं असतं, ते न वाचता खेळलं की उगाच चिडचिड होते.

टाइप कशाने करायचं? विंडोजमध्ये सेटिंग, मग टाइम अँड लँग्वेज, तिथे भाषा या भागात मराठी अ‍ॅड करा, मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबला की कीबोर्ड बदलतो. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवणारे कीबोर्ड सोपे असतात हे खरं, पण ते सजेशन देताना ऱ्हस्व-दीर्घ स्वतःच ठरवून टाकतात, आणि शुद्धलेखनाचा व्यायाम तर तिथेच होता! म्हणून शब्दखेळासाठी इनस्क्रिप्ट शिका, म्हणजे ज्यात प्रत्येक बटणाला मराठी अक्षर किंवा मात्रा ठरवून दिलेली असते तो कीबोर्ड. डाव्या हाताला मात्रा आणि स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. के च्या बटणावर क, शिफ्ट धरून ख. डी च्या बटणावर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायला डी. एफ वर ऱ्हस्व वेलांटी आणि आर वर दीर्घ, म्हणजे प्रत्येक वेळी बोट कुठे न्यायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं. जे च्या बटणावर र आणि शिफ्ट धरून ऱ, जो नसेल तर दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगराच्या मधल्या, यात फरक राहत नाही. पंधरा दिवस रोज दहा मिनिटं दिली की हात बसतो.

ऱ्हस्व-दीर्घाचा एकच नियम आत्ता लक्षात ठेवा, बाकीचे खेळता खेळता येतील. शब्दाच्या शेवटी वेलांटी-उकार आला तर मराठीत तो दीर्घ, कवी, गुरू, पाटी, वाळू. आणि शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, खीर, फूल, पूल, पण शब्द पुढे वाढला की तोच ऱ्हस्व होतो, फुलाला, पुलावर. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, गुण, विष, मधुर. हे मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांतलंच आहे, ते १९६२ मध्ये १४ होते आणि १९७२ मध्ये चार वाढून १८ झाले, सगळे मिळून काही फार नाहीत.

आणि खेळ सापडला नाही तर घरी बनवा. आम्ही घरच्या ग्रुपवर रविवारी खेळतो, आमची एक बहीण न्यू जर्सीत आहे, तिच्याकडे सकाळ आणि आमच्याकडे संध्याकाळ अशी वेळ धरून. स्पेलिंग बीसारखंच, फक्त मात्रा मोकळ्या ठेवायच्या. समजा चार व्यंजनं दिली, क, र, म, ण. मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर काहीही करा, व्यंजन मात्र याच चारांतलं, कितीदाही. दहा मिनिटांत जमतील तेवढे शब्द, टाइप करूनच पाठवायचे, बोलून नाही. कारण, किरण, करुण, मरण, रमण, मणी, राणी, कोण, मका, काकू, मुरूम. दुसऱ्या कोणालाच न सुचलेल्या शब्दाला दोन गुण, नाव-गाव-फळ-फूलसारखं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की शून्य, यात दयामाया नाही. चारही व्यंजनं ज्यात आली तो शब्द पाच गुणांचा, इथे करमणूक.

एकदा कर्म आणि क्रम यावरून अर्धा तास चर्चा झाली, हा एकच शब्द धरायचा की दोन. दोन्हींत तीच तीन व्यंजनं, त्याच ओळीने, क, र, म, फक्त कर्ममध्ये र चा पाय मोडतो आणि क्रममध्ये क चा. इनस्क्रिप्टवर टाइप करून बघा, डी चं बटण एका अक्षराने आधी दाबलं की अर्थ बदलला. दोन्ही धरले अर्थातच, आणि माझ्या दहा वर्षांच्या भाच्याला रफार म्हणजे काय हे त्या दिवशी जे कळलं ते शाळेत कळलं नव्हतं.

येत्या रविवारची आमची व्यंजनं प, र, त, व अशी ठरलीत, तुम्हीही घ्या. पर्वत मी सांगून टाकते, सुरुवात म्हणून. दहा मिनिटं लावा, मोबाईल उलटा ठेवा, वीसच्या पुढे जायला हरकत नाही, आणि चारही व्यंजनं येणारा अजून एखादा सापडला तर वहीत लिहून ठेवा.